'फॅमिन' आणि 'स्कार्सिटी' : दोन शब्दांमधले अंतर

(द्वितीय वर्ष कला)

समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करा, हा भाषेच्या अभ्यासातला जुना प्रश्न आहे. आपण शब्दकोश उघडतो, दोन ओळी लिहितो, दोन गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु काही जोड्या अशा असतात की, त्यांतल्या भेदावर गुणच नव्हे तर माणसांची पोटे अवलंबून असतात. 'फॅमिन' आणि 'स्कार्सिटी' ही इंग्रजी शब्दांची जोडी त्यांपैकी एक आहे. पहिल्याचा अर्थ आपण 'दुष्काळ' असा करतो, दुसऱ्याचा 'टंचाई'.

या जोडीकडे माझे लक्ष जाण्याचे कारण असे की, १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक स्वतंत्र कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्याच्या जागी 'स्कार्सिटी' हा शब्द बसवला. एक शब्द वगळण्यासाठी आख्खा कायदा व्हावा, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने विचार करावी अशीच आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर अदलाबदलीची गरज नव्हती. अर्थ भिन्न असतील, तर एकाच्या जागी दुसरा कसा चालेल? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांचे कूळ

'फॅमिन' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'फामेस' या शब्दात आहे आणि 'फामेस' म्हणजे भूक. म्हणजे हा शब्द जन्मतःच पोटाशी बांधलेला आहे. 'स्कार्सिटी'चे कूळ वेगळे. तोही फ्रेंचमार्गेच आला. पण त्याच्या मुळाशी 'वेचून काढलेले' असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. शेंगा तोडून नेल्यावर वेलीवर ज्या चार उरतात, तशी ही कल्पना. वस्तू थोडी उरली आहे, एवढेच तो सांगतो. ती कोणाला हवी होती आणि न मिळाल्याने त्याचे काय झाले, याविषयी तो काहीच बोलत नाही.

या दोघांच्या शेजारी तिसरा एक शब्द उभा असतो, तो म्हणजे 'ड्राउट'. हा अस्सल इंग्रजी आहे आणि कोरडेपणाचा अर्थ असलेल्या 'ड्राय' या शब्दाचा तो नातलग आहे. आपण त्याला अवर्षण म्हणू. म्हणजे ड्राउट आभाळात असतो, स्कार्सिटी कोठारात असते आणि फॅमिन पोटात असतो.

वाक्यातील उपयोग

अर्थभेद खरा कळतो तो वाक्यात. 'स्कार्सिटी' म्हटले की पुढे 'ऑफ' आलाच : स्कार्सिटी ऑफ वॉटर, स्कार्सिटी ऑफ फॉडर. कशाची, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. 'फॅमिन'ला मात्र अशा शेपटीची गरज नसते. त्याला वस्तू नव्हे, तर मुलूख आणि सन लागतो : १९४३ चा बंगालचा फॅमिन, १८७६ चा दख्खनचा फॅमिन. इंग्रजीत 'वॉटर फॅमिन' असाही प्रयोग आहे. परंतु तेथे पाण्याच्या तुटवड्याची तीव्रता दाखवण्यासाठी भुकेच्या शब्दाचे बळ उसने घेतलेले असते.

विशेषणे पाहिली तर हा भेद आणखी स्पष्ट होतो. 'फॅमिश्ड' हे विशेषण माणसाला लागते, म्हणजे भुकेने कासावीस झालेला. 'स्कार्स' हे वस्तूला लागते. माणसाच्या बाबतीत 'स्कार्स' येतो तो एका गमतीदार वाक्प्रचारात. स्वतःला 'स्कार्स' करणे म्हणजे नको त्या वेळी तेथून सटकणे. माणूस भुकेला असेल तर एका शब्दाने दिसतो आणि दुसऱ्याने दिसेनासा होतो, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे.

अर्थशास्त्र घेतलेल्या मित्रांना 'स्कार्सिटी' आणखी एका ठिकाणी भेटते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, ती साधनांच्या दुर्मिळतेवर उभी आहे. गरजा अनंत आणि साधने मर्यादित, हे आपण प्रथम वर्षात पाठ केले. या अर्थाने स्कार्सिटी ही रोजची, सर्वत्र असणारी, कधीही न संपणारी अवस्था आहे. राजवाड्यातही स्कार्सिटी असते, कारण राजालाही दिवसाचे तास चोवीसच मिळतात. फॅमिन राजवाड्यात कधी येत नाही.

मराठीतला दुष्काळ

आपल्या भाषेत या दोन शब्दांना समोरासमोर ठेवले की एक मौज दिसते. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. तो शब्द आभाळाचे नाव घेत नाही, कोठाराचे घेत नाही आणि पोटाचेही घेत नाही. तिन्ही त्यात सामावतात. त्यामुळे मराठीत 'ओला दुष्काळ' म्हणता येते. अतिवृष्टीने सोयाबीन शेतात कुजले तर तोही दुष्काळच. 'ओला ड्राउट' म्हणजे ओला कोरडेपणा; इंग्रजीत हे हास्यास्पद होईल. मराठी शेतकऱ्याने पाऊस मोजला नाही, हंगाम हातचा गेला की नाही एवढेच पाहिले.

क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. दुष्काळ 'पडतो', वीज पडावी किंवा धाड पडावी तसा. टंचाई मात्र 'भासते' किंवा 'जाणवते'. जे भासते ते असेलच असे नाही, अशी पळवाट या क्रियापदात आहे. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपल्याकडे घरोघर आहे. टंचाईवर तशी रुळलेली म्हण माझ्या ऐकिवात नाही. लोकांनी जो शब्द सोसला त्याच्या म्हणी झाल्या. दुसरा कागदावरून आला आणि कागदावरच राहिला.

आपल्या भागाला हा शब्द परका नाही. १३९६ पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत राहिला. शिवरायांच्या जन्मसुमारास, १६३० च्या आगेमागे, दख्खन होरपळले होते. सातारा जिल्ह्याची रचनाच अशी की, पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ६००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झालेला आणि १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाणारा जिल्हाही तसाच आहे : एकीकडे कृष्णाकाठचा ऊस, दुसरीकडे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांचे पाणी आता काही भागांत पोहोचले असले, तरी पूर्वभागातल्या माणसाला अजून आभाळाकडे पाहण्याची सवय सुटलेली नाही.

'फॅमिन' कायद्यात शिरला तेव्हा

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास भागात जो दुष्काळ पडला, त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते. त्या वेळी सरकारचे दुष्काळविषयक प्रतिनिधी असलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा असे प्रमाण ठरवले होते. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे कसे पुरणार? मुंबई इलाख्यात मजुरांनी या कपातीविरुद्ध कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. या सभेचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांचा जन्म साताऱ्याचा, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

या संकटानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळसंहिता तयार झाल्या. या संहितांमध्ये 'फॅमिन' हा नुसता वर्णनाचा शब्द राहिला नाही. ती एक कळ झाली. कळ दाबली की यंत्र सुरू व्हावे, तसे फॅमिन जाहीर झाले की कामे काढणे, अपंग व वृद्धांना फुकट मदत देणे, जमीन महसूल तहकूब करणे हे सरकारवर येऊन पडे. हे सारे उदारपणाने होत असे असे मुळीच नाही. आधी चाचणीची कामे काढत. अपुऱ्या मजुरीवर कष्टाचे काम करायला किती लोक येतात, यावरून भूक खरी की खोटी हे ठरवत. तरीही शब्दाला कर्तव्य जोडले गेले, ही गोष्ट मोठी होती. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना याच संहितेतले त्यांचे हक्क समजावून सांगितले. सरकारने लिहिलेला शब्द त्यांनी सरकारपुढेच धरला.

शब्द न उच्चारण्याची किंमत किती असते, हे १९४३ साली बंगालमध्ये दिसले. तेथे संहितेप्रमाणे फॅमिन जाहीरच झाला नाही. जाहीर केला असता तर ठरलेली मदत द्यावी लागली असती. अमर्त्य सेन यांच्या अंदाजाप्रमाणे त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. १९८१ च्या आपल्या ग्रंथात सेन यांनी दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्याचा साठा इतका काही घटलेला नव्हता. माणसांची ते धान्य मिळवण्याची ताकद संपली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर स्कार्सिटी फारशी नव्हती, तरी फॅमिन होता. दोन शब्दांतला भेद याहून स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मला सापडले नाही. कोठारात असूनही पोटात नाही, अशी अवस्था येऊ शकते. अशा वेळी 'टंचाई' हा शब्द केवळ सौम्य ठरत नाही, तो चुकीचाही ठरतो.

१९६३ आणि त्यानंतर

आता १९६३ च्या कायद्याकडे वळू. त्याच्या प्रास्ताविकातला युक्तिवाद थोडक्यात असा : राज्य सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाययोजना करते, त्यामुळे आता फॅमिन उद्भवण्यास वावच उरलेला नाही, सबब हा शब्द ठेवण्याचे कारण नाही.

या युक्तिवादाला नुसते हसून चालणार नाही. त्यात तथ्याचा भाग आहे. जुन्या संहितेत भूक सिद्ध होईपर्यंत थांबावे लागे. 'स्कार्सिटी'साठी पीक बुडाल्याचा अंदाज पुरतो. गावाची आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, पन्नास पैशांच्या खाली गेली की हालचाल सुरू करता येते. आग लागण्याआधी धूर पाहून धावावे, तसा हा फरक आहे.

शिवाय १९७२ ने या दाव्याची परीक्षाही घेतली. लागोपाठच्या अवर्षणाने पिके गेली, विहिरी आटल्या. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे आणि कामावर सुकडी वाटत. संकट एवढे मोठे असूनही १८७६ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. हे यश निःसंशय मोठे आहे आणि ते सांगताना हात आखडू नये.

माझी आजी त्या वेळी माण तालुक्यात खडी फोडायला जात असे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे या विषयावर घरात एकच संदर्भग्रंथ आहे आणि तो म्हणजे आजी. ती म्हणते, "आभाळात न्हवतं, हिरीत न्हवतं, कणगीत न्हवतं. पर हाताला काम व्हतं, म्हून चूल पेटत व्हती." तिच्या या वाक्यात ड्राउट आहे, स्कार्सिटी आहे, आणि फॅमिन का आला नाही याचे कारणही आहे. तिला यातला एकही इंग्रजी शब्द ठाऊक नाही. त्या वर्षाला ती 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणते. कायद्याने तो शब्द नऊ वर्षांपूर्वीच काढला होता, हे मी तिला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्यास्नी काय, कागदावरचा काढला."

'हाताला काम' या कल्पनेचा मान सांगली जिल्ह्याकडे जातो. विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात आपला प्रयोग केला. त्यातून रोजगार हमी योजनेची कल्पना वाढली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली देशाने असाच कायदा केला. येथे भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'फॅमिन' या शब्दाला जे कर्तव्य जोडलेले होते, त्यातले कामाचे कर्तव्य 'हमी' या शब्दाने उचलले. शब्द गेला तरी चालते, मात्र त्याचे काम दुसऱ्या शब्दाच्या अंगावर स्पष्टपणे सोपवलेले असले पाहिजे.

'सदृश'ची भर

पण सगळी कामे अशी सोपवली गेली नाहीत. इंग्रजीतला एक शब्द काढला, तेव्हा मराठीतला जो शब्द हलला त्याला अर्थ तीन होते. 'फॅमिन' गेला तरी इंग्रजीत 'ड्राउट' शिल्लक होता. मराठीत मात्र 'दुष्काळ' मागे पडला तसे अवर्षणाचे रोजच्या बोलीतले नावही सरकारी कागदावरून मागे पडले आणि वर्षानुवर्षे 'टंचाई परिस्थिती' हाच प्रयोग चालू राहिला. मग टंचाईग्रस्त, टंचाईसदृश, दुष्काळसदृश असे शब्द घडत गेले. 'सदृश' म्हणजे सारखा दिसणारा. आधीच भासणारी टंचाई आणि वर दुष्काळासारखा दिसणारा दुष्काळ!

ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्यातल्या १४,७०८ गावांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. हा विषय उच्च न्यायालयात गेला आणि मे २०१६ मध्ये शासनाने 'दुष्काळसदृश'च्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे अशी दुरुस्ती केली. तोपर्यंत गावांची संख्या २९ हजारांच्या घरात गेली होती. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्ये दुष्काळ जाहीर करण्यास का कचरतात, यावर कडक शब्दांत बोट ठेवले. याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. ती मात्र खरीखुरी टंचाई होती : कशाची, तर पाण्याची. 'स्कार्सिटी' हा शब्द तेथे शोभतो. पुढे २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ साली ४० तालुक्यांत 'दुष्काळ' आणि त्यानंतर १०२१ महसुली मंडळांत 'दुष्काळसदृश' अशी पुन्हा दुहेरी वाटणी झाली.

हा शब्दांचा खेळ आपल्याला दूरचा वाटू नये. शासन दुष्काळ जाहीर करते तेव्हा ज्या सवलती लागू करते, त्यांत जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, गरज तेथे टँकर आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी यांचा समावेश असतो. म्हणजे आपल्यापैकी एखाद्याचे गाव यादीत आले आणि बाकावर शेजारी बसणाऱ्याचे आले नाही, तर दोघांच्या शेतात सारखीच धूळ असूनही एकाचे शुल्क माफ होते, दुसऱ्याच्या वडिलांना ते उसने काढून भरावे लागते. शब्दाचा अर्थ कोशात असतो हे खरे. पण त्याची किंमत यादीत कळते.

समारोप

मग 'फॅमिन' परत आणावा काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे प्रश्न असा विचारू नये. हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, त्या एका वाटेवरच्या दोन खुणा आहेत. पाऊस गेला की ड्राउट; पीक आणि चारा गेला की स्कार्सिटी; आणि माणसाची अन्न मिळवण्याची ताकद गेली की फॅमिन. प्रत्येक खुणेच्या मध्ये काही महिने असतात आणि त्या महिन्यांत शासन, समाज, आपण सर्वजण पुढची खूण येऊ न देण्यासाठी काही करू शकतो. १९७२ ने ते दाखवले. परंतु शेवटची खूणच उपटून टाकली, तर आपण तिच्यापासून किती दूर आहोत हे मोजणार कशाने?

देवीचा रोग देशातून १९७५ साली गेला. म्हणून वैद्यकाच्या पुस्तकातून त्याचे नाव कोणी खोडले नाही. नाव ठेवले आहे ते रोग परत आला तर ओळखता यावा म्हणून. 'फॅमिन'चेही तसेच व्हायला हवे होते. आपण तो थांबवला, असे म्हणण्याचा हक्क महाराष्ट्राला निश्चित आहे. आणि जे थांबवले त्याचे नाव लक्षात ठेवले, तरच हे म्हणण्याला अर्थ राहतो.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी 'अर्थभेद स्पष्ट करा' हा प्रश्न आला, तर ही जोडी अशी सोडवावी : टंचाई म्हटले की विचारायचे, कशाची? आणि दुष्काळ म्हटले की विचारायचे, कोणाचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गोदामाच्या नोंदीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला गावात जावे लागते.